तीव्र पोटदुखी आणि सीटी स्कॅन : निदानाची वाट समजून घेताना

आपल्या शाळेतून शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे शिक्षक होवो, बँकेत नोकरीला लागो की परदेशी जावो, गावाकडे कोणी आजारी पडले की पहिला फोन त्यालाच येतो. घरातील शिकलेली व्यक्ती म्हणून त्याच्या शब्दाला वजन असते. ‘आईच्या पोटात काल रात्रीपासून फार दुखतंय. डॉक्टर म्हणतात, जिल्ह्याला नेऊन सीटी स्कॅन करा. करायचा का?’ असा प्रश्न आला की चांगले शिकलेले लोकही गोंधळतात. खर्चाची चिंता असते, किरणांची भीती असते आणि डॉक्टर उगाच तपासण्या लिहून देतात अशी शंकाही मनात असते. या प्रश्नाला सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही. परंतु त्यामागील विचार समजून घेतला, तर निर्णय योग्य आणि वेळेवर होऊ शकतो. प्रौढ व्यक्तीच्या अचानक उद्भवलेल्या तीव्र पोटदुखीपुरता हा विचार येथे मांडला आहे. लहान मुलांच्या पोटदुखीची कारणे व तपासण्यांचा क्रम वेगळा असल्याने तो विषय येथे घेतलेला नाही.

या बाबतीत आपल्या कुटुंबांत दोन टोकाच्या चुका होताना दिसतात. पहिली चूक विलंबाची. ‘गॅस धरला असेल’ असे म्हणून ओवा, सोडा, गरम पाण्याची पिशवी, मग गावातच एखादे इंजेक्शन, मग आणखी एक रात्र. आणि रुग्ण रुग्णालयात पोहोचतो तेव्हा आतड्याला छिद्र पडून दोन दिवस उलटलेले असतात. दुसरी चूक याच्या अगदी उलट. दुखणे सुरू होताच कोणत्याही डॉक्टरने पोटाला हात लावण्याआधीच रुग्णाला थेट तपासणी केंद्रात नेऊन स्कॅन करून घ्यायचा आणि अहवाल हातात घेऊन डॉक्टर शोधत फिरायचे. पहिल्या चुकीत जीव जाऊ शकतो. दुसरीत पैसा, मौल्यवान तास आणि कधी कधी निदानही हातचे जाते.

पोटाचे दुखणे फसवे का असते?

बोटाला काटा टोचला तर डोळे मिटूनही आपण नेमकी जागा सांगू शकतो. पोटाच्या आतील अवयवांचे तसे नसते. आतडे, पित्ताशय, मूत्रवाहिनी यांच्या वेदना वाहून नेणाऱ्या नसा विरळ असतात व त्या मज्जारज्जूत वेगवेगळ्या पातळ्यांवर मिसळतात. त्यामुळे मेंदूला ‘पोटाच्या मध्यभागी कुठेतरी’ इतकाच अस्पष्ट निरोप पोहोचतो. आतडे कापले तरी त्याला फारसे कळत नाही. मात्र ते ताणले गेले, पिळले गेले किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर असह्य वेदना होतात. पोटाच्या भिंतीला आतून अस्तर लावणाऱ्या उदरावरणाच्या नसा मात्र त्वचेच्या नसांप्रमाणे नेमकी जागा सांगतात.

अपेंडिक्सला आलेली सूज हे याचे उत्तम उदाहरण होय. सुरुवातीला दुखते ते बेंबीभोवती. भूक मरते, मळमळते, एखादी उलटी होते. काही तासांनी सूज उदरावरणाला भिडते आणि वेदना उजव्या बाजूला खाली सरकून तेथेच स्थिर होते. चालताना, खोकताना, गाडीला धक्का बसताना ती वाढते. दुखणे जागा बदलते म्हणून नातेवाईकांना ‘गॅस फिरतोय’ असे वाटते. जाणत्या डॉक्टरच्या दृष्टीने मात्र ते महत्त्वाचे लक्षण असते.

वेदना दूरवरही उमटते. पित्ताशयाची वेदना उजव्या खांद्याकडे किंवा पाठीत जाते, स्वादुपिंडाची सरळ पाठीत घुसते, मुतखड्याची कुशीतून जांघेत उतरते. याहून धोकादायक बाब म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाला झटका आला, तर छातीत न दुखता केवळ पोटाच्या वरच्या भागात दुखू शकते. ‘ॲसिडिटी’ समजून त्यावर औषध घेत बसलेले मध्यमवयीन रुग्ण प्रत्यक्षात हृदयविकाराचे निघतात. म्हणूनच बेंबीच्या वर अचानक दुखू लागलेल्या प्रौढ रुग्णाचा ईसीजी काढणे हे कोणत्याही स्कॅनच्या आधीचे काम आहे.

सीटी स्कॅन येण्यापूर्वी

विसाव्या शतकाचा बहुतांश काळ डॉक्टरांजवळ रुग्णाची हकीकत, स्वतःचे हात, स्टेथोस्कोप, साधा एक्स-रे आणि रक्ताच्या मोजक्या तपासण्या एवढीच साधने होती. संशय बळावला की पोट उघडून पाहणे हाच अंतिम उपाय असे. ही अनिश्चितता राजालाही चुकली नाही. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता. ऐन त्या सुमारास त्याच्या पोटात तीव्र दुखू लागले. राजा समारंभ लांबवायला तयार नव्हता; पण अखेर २४ जून रोजी फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या शल्यविशारदाने शस्त्रक्रिया करून अपेंडिक्सभोवती साचलेला पू काढून टाकला. राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला. राजाचे दैव बलवत्तर होते; त्या काळात याच आजाराने असंख्य सामान्य माणसे दगावत.

या अनिश्चिततेची दुसरीही बाजू होती. अपेंडिक्स फुटण्याची वाट पाहण्यापेक्षा संशयावरून शस्त्रक्रिया केलेली बरी, असे मानले जाई. परिणामी अपेंडिक्ससाठी पोट उघडलेल्या साधारण पाचांपैकी एका रुग्णाचे अपेंडिक्स निरोगी निघे, आणि हे प्रमाण स्वीकारार्ह समजले जात होते. स्त्रियांमध्ये, बीजांडकोश व गर्भनलिकांच्या आजारांमुळे, ते आणखी अधिक असे. जेथे सीटी स्कॅन नियमितपणे वापरला जातो, तेथे अशा अनावश्यक शस्त्रक्रिया लक्षणीयरीत्या घटल्या आहेत.

यंत्र काय करते?

१८९५ साली विल्हेल्म रॉन्टजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. साध्या एक्स-रेमध्ये शरीरातील पुढचे-मागचे सारे अवयव एकाच चित्रात एकावर एक येतात. हाड आणि हवा ठळक दिसतात. पण यकृत, आतडे, स्वादुपिंड यांची सरमिसळ होते. ईएमआय या ब्रिटिश कंपनीतील अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी यावर तोडगा काढला. क्ष-किरण शरीरातून अनेक दिशांनी आरपार पाठवायचे, प्रत्येक दिशेने किती किरण शोषले गेले ते मोजायचे आणि त्या असंख्य मोजमापांवरून संगणकाने शरीराच्या आडव्या छेदाचे चित्र तयार करायचे, अशी ही पद्धत. पाव कापून त्याची एकेक चकती पाहावी तसे हे आहे. फरक इतकाच की येथे काहीही कापावे लागत नाही. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा असा स्कॅन झाला. यामागील गणित स्वतंत्रपणे मांडणारे ॲलन कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना १९७९ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दोघांपैकी एकाचीही वैद्यकशास्त्राची पदवी नव्हती, ही गोष्ट आपल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चित्रातील प्रत्येक बिंदूला एक आकडा असतो. पाण्याचा शून्य, हवेचा उणे १०००, चरबीचा सुमारे उणे १००; मऊ अवयवांचे आकडे शून्याच्या थोडे वर आणि हाडाचे कित्येक शेकडे. यामुळेच पोटात सांडलेले रक्त, साचलेला पू, नको तेथे आलेली हवा आणि खडा यांच्यात फरक करता येतो.

सुरुवातीच्या यंत्रांना एका छेदासाठी काही मिनिटे लागत. डोके स्थिर ठेवता येते. पण पोटात श्वासाबरोबर आणि आतड्यांच्या हालचालींबरोबर सारे हलत असते, त्यामुळे चित्र पुसट येई. किरणांची नळी अखंड फिरत असताना रुग्णाचे टेबल पुढे सरकवण्याची पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि पोटाची तपासणी खऱ्या अर्थाने शक्य झाली. आज छातीच्या खालपासून जांघेपर्यंतचा भाग एका श्वासात, काही सेकंदांत टिपला जातो. तयारी धरून सारे काम साधारण अर्ध्या तासात आटोपते.

कोणते आजार दिसतात?

अपेंडिक्सची सूज असलेल्या १०० प्रौढ रुग्णांपैकी सुमारे ९५ जणांमध्ये सीटी स्कॅनवर ती ओळखता येते. शिवाय ती फुटली आहे का, भोवती पू साचला आहे का हेही कळते. त्यावरून लगेच शस्त्रक्रिया करावी, सुईने पू काढावा की आधी प्रतिजैविके द्यावीत हे ठरते.

जठराला किंवा आतड्याला छिद्र पडले की आतील हवा बाहेर येते. ती भरपूर असेल तर उभ्याने काढलेल्या छातीच्या साध्या एक्स-रेतही श्वासपटलाखाली दिसते. थोडी असेल तर मात्र एक्स-रे चकवतो आणि सीटी स्कॅनवर ती सापडते. आपल्याकडे जठरव्रणाबरोबरच विषमज्वरानेही लहान आतड्याला छिद्र पडते. ताप आठ-पंधरा दिवस रेंगाळलेल्या रुग्णाचे पोट अचानक दुखू लागले, तर ही शक्यता विसरू नये.

आतड्याचा मार्ग बंद झाला की पोट फुगते, उलट्या होतात, शौच व वारा सरणे थांबते. पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर आत तयार झालेले चिकट पट्टे, अडकलेला हर्निया, गाठ अशी याची कारणे असतात. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग हेही एक महत्त्वाचे कारण आहे. अडथळा नेमका कोठे आहे, कशामुळे आहे आणि त्या भागाचा रक्तपुरवठा टिकून आहे का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सीटी स्कॅन देऊ शकतो. यातील शेवटचा प्रश्न सर्वांत तातडीचा. रक्तपुरवठा टिकून असेल तर सलाईन व नाकातील नळीवर काही काळ थांबता येते. तो तुटला असेल तर थांबणे घातक ठरते.

आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे हा वृद्धांचा आजार फार फसवा असतो. रुग्ण वेदनेने तळमळतो. पण पोटाला हात लावून पाहिले तर ते मऊ लागते, त्यामुळे तक्रार अवास्तव वाटते. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या वृद्ध व्यक्तीने असे सांगितले तर एकही तास दवडू नये. उशिरा निदान झालेल्या अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावतात. रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनइतका दुसरा जलद उपाय येथे नाही. पोटातील महाधमनी फुगून झिरपू लागली, तरी तीच तपासणी कामी येते.

मुतखडा जवळजवळ प्रत्येक वेळी दिसतो, तोही शिरेतून औषध न टोचता आणि कमी किरणांत. यकृतातील पूही दिसतो. स्वादुपिंडाच्या सुजेचे निदान मात्र बहुतेक वेळा हकीकत आणि रक्तातील लायपेज किंवा अमायलेज यांवरूनच होते. तेथे घाईने पहिल्याच दिवशी केलेला स्कॅन आजाराची खरी तीव्रता दाखवत नाही. तो तीन दिवसांनंतर अधिक उपयोगी ठरतो.

वृद्धांच्या बाबतीत एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. वय वाढते तसे शरीराचे धोक्याचे इशारे मंदावतात. पोटात पू झालेला असतानाही ताप नसतो, पोट कडक लागत नाही, रक्तातील पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसतात. मधुमेही रुग्ण आणि स्टेरॉइडची औषधे घेणारे रुग्ण यांचेही असेच होते. तरुणाच्या बाबतीत जेथे काही तास निरीक्षण करून थांबता येते, तेथे वृद्धाच्या बाबतीत डॉक्टर लवकर सीटी स्कॅन सुचवतात. ‘म्हातारपणी एवढं कशाला’ असे म्हणणे येथे अन्यायाचे ठरते. त्या वयातच त्या तपासणीचा उपयोग अधिक असतो.

सीटी स्कॅनच्या आधी, आणि कधी त्याऐवजी

यंत्र चित्र देते. ते कोणत्या प्रश्नासाठी काढायचे हे माणसाला ठरवावे लागते. मुतखड्याचा संशय असेल तर औषध न टोचता स्कॅन करतात. रक्तवाहिनीचा संशय असेल तर औषध टोचून नेमक्या क्षणी करतात. चिठ्ठीवर केवळ ‘पोटदुखी’ असे लिहून पाठवले तर चुकीच्या पद्धतीने केलेला स्कॅन ‘सर्व ठीक’ असा अहवाल देऊ शकतो. म्हणून दुखणे केव्हा सुरू झाले, कोठे सुरू झाले, कोठे सरकले, उलटी आधी झाली की दुखणे आधी, शेवटची शौच केव्हा झाली, पूर्वी पोटाची कोणती शस्त्रक्रिया झाली ही माहिती कोणत्याही यंत्राइतकीच मोलाची असते.

काही दुखण्यांत पहिली तपासणी सोनोग्राफीच असावी. पित्ताशयातील खडे सोनोग्राफीत स्पष्ट दिसतात. सीटी स्कॅनवर मात्र त्यांतील अनेक खडे पित्ताच्याच रंगाचे भासून निसटतात. प्रजननक्षम वयातील स्त्रीच्या ओटीपोटात दुखत असेल, तर प्रथम गर्भधारणेची लघवीची चाचणी व सोनोग्राफी करावी लागते. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटून आत रक्तस्राव होणे किंवा बीजांडकोशाला पीळ पडणे या तातडीच्या अवस्था त्यातून कळतात. विवाहित असो वा अविवाहित, ही चाचणी करण्यात संकोच बाळगू नये आणि नातेवाईकांनीही तिचा अपमान मानू नये. संकोचाची किंमत त्या मुलीला जिवाने मोजावी लागू शकते. गरोदर स्त्रीच्या बाबतीत सोनोग्राफी आणि त्यानंतर एमआरआय हा क्रम असतो. तरीही मातेच्या जिवाला धोका असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर सीटी स्कॅन नाकारला जात नाही.

काही वेळा सीटी स्कॅनसाठी थांबणेच चुकीचे असते. रक्तदाब कोसळलेला आहे, पोटात रक्तस्राव होतो आहे अशा रुग्णाला स्कॅनच्या खोलीत नेणे धोक्याचे. तसेच संपूर्ण पोट लाकडासारखे कडक झालेले असेल आणि एक्स-रेत हवा दिसत असेल, तर शल्यविशारद थेट शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ शकतात. ‘आधी स्कॅन का केला नाही’ असा वाद त्या वेळी घालू नये.

विदर्भाशी नाते असलेल्या वाचकांसाठी एक मुद्दा स्वतंत्रपणे नोंदवतो. तेथील आदिवासी समाजांत आणि आपल्या समाजासह अनुसूचित जातींतील काही समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायांप्रमाणे पोटातही भयंकर दुखते. ती वेदना कधी कधी शस्त्रक्रियेच्या आजारासारखी भासते. उलट, सिकलसेलच्या रुग्णाला अपेंडिक्सही होऊ शकते आणि त्याच्या पित्ताशयात खडे होण्याचा संभव इतरांहून अधिक असतो. म्हणून ‘हे नेहमीचेच दुखणे’ असे गृहीत धरणे जितके चूक, तितकेच सिकलसेलची माहिती न सांगता शस्त्रक्रियेला सामोरे जाणेही चूक. अशा रुग्णाला पाणी, प्राणवायू आणि शरीराची ऊब कमी पडू द्यायची नसते, हे भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी माहीत असावे लागते. केंद्र शासनाने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून तपासणीनंतर कार्ड दिले जाते. ते कार्ड लपवून ठेवण्याची वस्तू नव्हे. ते रुग्णालयात बरोबर न्यावे.

किरण, औषध आणि त्यांचे धोके

पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये शरीराला साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट इतके किरण मिळतात. माती, आकाश व अन्न यांतून निसर्गतःच जगभरातील माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे एक स्कॅन सुमारे तीन-चार वर्षांच्या नैसर्गिक किरणांइतका झाला. छातीच्या एका साध्या एक्स-रेच्या तुलनेत मात्र तो शंभर पटींहून अधिक भरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या अंदाजानुसार १० मिलिसिव्हर्टमुळे पुढील आयुष्यात प्राणघातक कर्करोग होण्याची वाढीव शक्यता सुमारे २००० मध्ये १ इतकी असते. तेथील लोकांत एरवीच ही शक्यता २००० मध्ये सुमारे ४०० असते. याचा अर्थ सरळ आहे. आतडे फुटल्याचा संशय असताना किरणांना भिऊन स्कॅन नाकारणे अविचाराचे. आणि पूर्वी पूर्ण तपासणी झालेल्या त्याच जुन्या दुखण्यासाठी, विशेषतः विशी-तिशीत, वरचेवर स्कॅन करणेही तितकेच अविचाराचे. जुना स्कॅन असेल तर तो दाखवावा, पुनरावृत्ती टळते. सीटी स्कॅन केंद्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आवश्यक असतो, तो आहे का हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

रक्तवाहिन्या व अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून आयोडीनयुक्त औषध टोचतात. त्या क्षणी अंगात उष्णता पसरते, तोंडाला धातूसारखी चव येते आणि लघवी झाल्यासारखे वाटते. हे मिनिटभरात ओसरते, घाबरू नये. तीव्र ॲलर्जी क्वचित होते. पण पूर्वी असे औषध टोचल्यावर त्रास झाला असेल तर ते सांगणे अत्यावश्यक आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास रक्तातील क्रिएटिनिन पाहून निर्णय घेतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असल्यास तेही सांगावे. मूत्रपिंड कमजोर असल्यास ती गोळी दोन दिवस थांबवण्याचा सल्ला मिळू शकतो.

अहवाल हाती आल्यावर

अहवाल ‘सामान्य’ आला म्हणजे आजार नाहीच, असे समजू नये. अगदी पहिल्या काही तासांत सूज चित्रात उमटलेली नसते. स्कॅन निर्दोष असूनही दुखणे वाढत असेल तर त्याच डॉक्टरांनी काही तासांनी पुन्हा पोट तपासणे ही निदानाची मान्य रीत आहे. दुसरीकडे, अहवालात मूत्रपिंडावरील साधी पाण्याची गाठ, यकृतावरील लहानसा ठिपका अशा दुखण्याशी संबंध नसलेल्या नोंदीही येतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. मोबाइलवर शोध घेऊन घाबरण्यापेक्षा ‘माझ्या दुखण्याचे कारण यात आहे का? आणि या इतर नोंदींचे पुढे काही करायचे आहे का?’ हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारावेत.

घरातील माणसांनी काय करावे?

एरवी ठणठणीत असलेल्या व्यक्तीचे पोट अचानक दुखू लागले आणि ती तीव्र वेदना सहा तासांत शमली नाही, तर शल्यविशारद असलेले रुग्णालय गाठावे, हा जुना आणि आजही उपयोगी असा दंडक आहे. पुढील लक्षणे असतील तर सहा तासही थांबू नये : पोट कडक होणे, हलले तरी असह्य दुखणे, वारंवार हिरवी किंवा रक्ताची उलटी, काळी किंवा रक्तमिश्रित शौच, पोट फुगून शौच व वारा बंद होणे, चक्कर येऊन अंग गार पडणे, दुखण्यासोबत थंडीताप किंवा कावीळ, पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात दुखणे, पूर्वीचा हर्निया अचानक कडक होऊन आत न जाणे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.

वाटेत रुग्णाला जेवण, चहा वा दूध देऊ नये. शस्त्रक्रिया करावी लागली तर भूल देण्यात अडचण येते. एरंडेल किंवा एनिमा देऊ नये, पोट चोळू नये, डाग देऊ नये आणि मांत्रिकाकडे तास घालवू नयेत. वेदनाशामक दिल्यास निदान लपते, हा समज मात्र जुना झाला आहे. रुग्णालयात तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी योग्य वेदनाशामक दिल्याने निदानात चूक होत नाही, असे संशोधनाने दाखवले आहे. तेव्हा रुग्णाला तळमळत ठेवणे आवश्यक नाही. घरच्या घरी गोळ्यांवर गोळ्या देत राहणे ही मात्र वेगळी गोष्ट. त्याने वेळ जातो आणि काही गोळ्यांनी जठरव्रणही चिघळतो.

खर्चाबद्दल मोकळेपणाने बोलावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि अनेक जिल्हा रुग्णालयांत सीटी स्कॅनची सोय अल्प खर्चात असते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन प्रथम त्याला भेटावे. योजनेत मंजूर झालेल्या उपचारात आवश्यक तपासण्यांचा खर्चही धरलेला असतो. कागद जमवण्यासाठी मात्र रुग्णाला घरी थांबवू नये. एकाने रुग्णाबरोबर जावे, दुसऱ्याने कागद घेऊन मागाहून यावे.

आज, सारे कुशल असताना, प्रत्येक घराने एक साधे काम करून ठेवावे. घरातील प्रौढ व्यक्तींची नावे, वय, रक्तगट, सिकलसेल तपासणीचा निकाल, मधुमेह-रक्तदाबाची औषधे, औषधांची ॲलर्जी, झालेल्या शस्त्रक्रिया आणि जवळच्या शल्यविशारद असलेल्या रुग्णालयाचा पत्ता एका कागदावर लिहून शिधापत्रिकेसोबत ठेवावा. जुने स्कॅन व अहवाल एका पिशवीत असावेत. बाहेरगावी राहणाऱ्या मुलामुलींनी त्या कागदाचे छायाचित्र आपल्या मोबाइलमध्ये ठेवावे. फोन आला की ‘स्कॅन करायचा का’ या प्रश्नाच्या आधी त्यांनी पुढील गोष्टी विचाराव्यात : दुखणे किती वाजता सुरू झाले, डॉक्टरांनी हात लावून पोट तपासले का, ईसीजी काढला का, आणि त्यांना नेमका कोणता संशय आहे. या प्रश्नांची उत्तरे मिळाली आणि त्यानंतरही डॉक्टर सीटी स्कॅन करा म्हणत असतील, तर गावाकडच्यांना निःशंकपणे ‘करा, आणि आत्ताच निघा’ असे सांगावे.